अहवाल गेल्यानंतर

प्रिय आशू,

पाकिटावरचं माझं अक्षर तू लांबूनच ओळखशील. ओळखून पत्र उघडशील की न उघडता फडताळात टाकून देशील, हे मात्र मला सांगता येत नाही. टाकलंस तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यापासून तू मला किती फोन केलेस आणि मी एकही उचलला नाही. नसरापूरच्या बाजारात माझी आई तुला भेटली, तेव्हा तू तिला म्हणालीस, "दीपी आता मोठी साहेब झाली, तिला आमचा नंबर दिसत न्हाई." आईनं ते जसंच्या तसं मला ऐकवलं आणि वर पदरचं थोडं घातलं. तेव्हा मी तिलाही काही सांगू शकले नाही. आज सांगू शकते. आधी वाटलं, फोनच करावा. पण फोनवर आपण दोघी नुसत्याच रडू आणि सांगायचं राहून जाईल. शिवाय तुमच्या गुंजवण्यात रेंजसाठी ओट्याच्या टोकाला उभं राहावं लागतं आणि निम्मी आळी कान देऊन असते. पत्र तू एकटी वाचशील, म्हणून पत्र.

परवा प्रयोगशाळेत एक नवीन मुलगी ब्युरेट धरायला शिकत होती आणि मला तुझी इतकी आठवण झाली. भोरच्या कॉलेजची ती रसायनशास्त्राची लॅब, खिडकीतून येणारा एसटी स्टँडचा भोंगा, आणि तू कामथडीहून धावतपळत आलेली, वेणी अर्धी सुटलेली. मास्तर वर्गाला दटावत असायचे, की एक थेंब जास्त पडला तर गुलाबी रंग भडक होतो, फिकटच हवा. आमच्या सगळ्यांचा भडक व्हायचा. तुझा एकटीचा असा यायचा की पांढऱ्या कागदावर धरल्याशिवाय रंग आलाय हेच कळू नये. मास्तरांनी एकदा तुझा फ्लास्क सगळ्या वर्गात फिरवला होता. त्या दिवशी तू घरी जाताना स्टँडवर मला भेळ खायला घातलीस आणि म्हणालीस, "आपण दोघी लॅबमध्येच नोकरी करू, एकीनं ओतायचं, एकीनं लिहायचं." दुसरं वर्ष संपलं आणि तुझं लग्न ठरलं. मी तुझ्या हळदीला आले होते तेव्हा तू हसत होतीस, खरंच हसत होतीस, कारण मानसिंगदाजी तुला आवडले होते. तू मला मागच्या दारी नेऊन सांगितलंस, "बोलत्यात कमी, पण बगत्यात चांगलं." मला तेव्हा तुझा राग आला होता, कॉलेज सोडलंस म्हणून. पण पुढं मी गुंजवण्याला येत राहिले, तुझ्या सासूबाईंच्या (तुझ्या आत्याबाई, माझ्या बाळाबाईमावशी) हातची तांदळाची भाकरी खात राहिले, आणि दाजी स्वतः उठून माझ्या ताटात वाटाण्याची उसळ वाढायचे ते बघितल्यावर तो राग कुठं गेला ते मलाही कळलं नाही.

मी या कामाकडं कशी वळले हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तिसऱ्या वर्षाला एक बाई कॉलेजात व्याख्यानाला आल्या होत्या. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. साधी साडी, बारीक आवाज. त्यांनी एका जळालेल्या सुनेची गोष्ट सांगितली. सासरचे म्हणत होते स्टोव्हचा भडका उडाला. या बाईंनी लुगड्याच्या उरलेल्या तुकड्याची तपासणी केली आणि दाखवून दिलं, की रॉकेल उडालेलं नाही, वरून ओतलेलं आहे. पुढं काय झालं, शिक्षा झाली का, हे त्यांनी सांगितलंच नाही. त्या म्हणाल्या, तो आमचा प्रांत नाही. मला ते फार विचित्र वाटलं आणि तेच डोक्यात राहिलं. मग मी चौकशी करत गेले. विज्ञानाची पदवी, त्यात रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र हवं. मग न्यायवैद्यक शास्त्रात दोन वर्षांची एम.एस्सी.; तिच्यासाठी प्रवेशपरीक्षा. सरकारी संस्था लांब, मराठवाड्यात. घरी जेवताना सांगितलं. तुला माहीत आहे, नाना रागावत नाहीत. जेवणं झाल्यावर म्हणाले, "आपल्या आज्यापणज्यानं गावची मेलेली ढोरं वढली. बाबासाहेबांनी सांगितलं तवा ते काम टाकलं, अन् पोरं शाळंत घातली. म्या डेपोत गाड्यांखाली झोपून तुला शिकवली. एवढी शिकून तू परत मढ्यापाशीच जाऊन बसणार व्हय?"  उत्तर आईनं दिलं. ती भांडी गोळा करता करता म्हणाली, "जाऊ द्या तिला. कोण वढाय लावतंय आता? ती आपल्या पायानं चालली."

मी गेले. पहिल्या सुट्टीत आले तेव्हा नानांना ती जळालेल्या सुनेची गोष्ट सांगितली, आणि त्या तपासणीत नेमकं काय करतात तेही. ते चष्मा पुसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी ती बाई बोलू शकत न्हाई, तर तिच्या वतीनं तू बोलायचं." मी म्हटलं, तसंच काहीसं. म्हणाले, "मग बोल बाई, मोठ्यानं बोल." त्या दिवसापासून ते आळीत सगळ्यांना सांगतात, की आमची पोर सरकारी साक्षीदार आहे. मी कितीदा सांगितलं, की लोक त्याचा अर्थ माफीचा साक्षीदार असा घेतात, तर ऐकत नाहीत.

त्या दोन वर्षांत आम्हाला जे शिकवलं त्यातलं निम्मं पुस्तकात नव्हतं. जागेवर गेल्यावर पहिल्यांदा दोन्ही हात खिशात घालायचे आणि नुसतं बघायचं, हा पहिला धडा. आमच्यातला एक मुलगा लगेच वाकून ग्लास उचलायला गेला, तर सरांनी त्याला आठवडाभर खिशात हात घालून वर्गात बसवलं. मग विष, रक्त, केस, माती, कागदावरची सही, बंदुकीची गोळी, मोबाईलमधून पुसून टाकलेलं, असं थोडं थोडं सगळं. पहिल्यांदा शवागारात नेलं तेव्हा मी बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं होतं. आमच्यातल्या दोघी तिथूनच घरी गेल्या त्या परत आल्या नाहीत, आणि सर म्हणाले, त्यांना कुणी हसायचं नाही. पण सगळ्यांत अवघड गेलं ते वेगळंच. वर्गात खोटं कोर्ट भरवायचे. सर काळा कोट घालून वकील व्हायचे आणि आम्हाला पिंजऱ्यात उभं करायचे. "म्हणजे हे रक्त आरोपीनंच सांडलं, असं तुम्ही म्हणता?" मी म्हणाले, हो सर. झालं! पुढचा तासभर त्यांनी मला अशी सोलून काढली की बोलायची सोय नाही. रक्त कुणाचं आहे एवढंच मला माहीत होतं, ते कुणी सांडलं हे मला कुठून माहीत असणार? पुरावा जेवढं सांगतो तेवढंच बोलायचं. त्याच्यापुढं आपल्याला काय वाटतं, कुणाची दया येते, कुणाचा संताप येतो, ते सगळं दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून यायचं. मी ही सवय लावून घेतली. तिची सगळ्यांत मोठी परीक्षा पुढं तुझ्याच घराशी होणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

एम.एस्सी. झाल्यावर नोकरी लगेच लागली नाही. जाहिरात निघायची वाट बघत मी शिवऱ्याजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून राहिले. तू तेव्हा लेकीला, नंदूला, घेऊन मला हायवेवर भेटायला यायचीस, दाजी मोटारसायकल लांब लावून उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबायचे, आपल्याला बोलू द्यायचे. मग परीक्षा झाली, मुलाखत झाली, पुण्याला प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथंही परत प्रशिक्षण. काही महिने एका टेबलावर, काही महिने दुसऱ्या, आणि मधूनमधून गुन्ह्याच्या जागी नमुने गोळा करायला जाणाऱ्या व्हॅनवर. नव्या कायद्यानं मोठ्या गुन्ह्यांत आमच्या माणसानं जागेवर जाणं सक्तीचं झालंय, तेव्हापासून त्या गाड्या सारख्या पळत असतात. रुजू झाले त्याच पावसाळ्यात दाजी गेले.

"गेले" असं सगळे म्हणायचे, आणि त्या एका शब्दात जो तो आपापला अर्थ भरायचा. दाजी तेव्हा घाटाखाली कोकणात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवत होते. पंचमीला घरी येतो म्हणून निघाले. ठेकेदार म्हणाला, मी स्वतः महाडच्या स्टँडवर सोडलं. पुढं काहीच नाही. मोबाईल बंद. तू आणि मावशी वेल्ह्याला पोलिसांत जाऊन आलात, मी सुट्टी काढून तुझ्याबरोबर महाडला आले, स्टँडवर फोटो दाखवत फिरलो आपण. मग दिवाळी आली आणि गावानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला. कुणीतरी म्हणालं, मुंबईला दुसरा संसार थाटलाय. कुणीतरी म्हणालं, बायको शिकलेली, तिच्याशी पटत नसणार. तुला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर बायका आपापसात बोलायच्या आणि तू दळणाचा डबा घेऊन बाजूनं गेलीस की गप्प व्हायच्या. तू मला हे रडून सांगितलं नाहीस. शेंगा फोडता फोडता सांगितलंस. मावशींनी तर रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त करायची सोडली नाही. तू म्हणालीस, "मला तर कळंना दीपे, म्या वाट बघू का राग धरू. दोन्हीतलं एक तरी कुणी ठरवून द्यावं." ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

आणि मग मे महिन्यातला तुझा तो फोन. मी कॅन्टीनमध्ये होते. तू म्हणालीस, "दीपे, पोलीस आलं व्हतं. मढे घाटाच्या खालच्या दरीत मागं हाडं घावली म्हणं. आत्याबाईंचं अन् नंदूचं रक्त द्यायला बोलावलंय. नंदूला कशाचं रक्त देऊ म्या? काय सांगू तिला?"  मी एवढंच म्हणाले, की जा, द्या, एक टाचणी टोचल्याएवढंच दुखतं. आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, मला घाई होती. मी तशीच जिन्यात बसले. मग उठून आमच्या विभागाच्या मॅडमकडं गेले आणि सगळं सांगितलं: हे घर माझं आहे, ही मैत्रीण माझी आहे. मॅडमनी माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. म्हणाल्या, "ही केस तू बघायची नाहीस. त्या टेबलापाशीसुद्धा जायचं नाहीस. आणि अहवाल जाऊन पोलिसांचा तपास संपेपर्यंत त्या घरातल्या कुणाशी एक शब्द बोलायचा नाहीस." मी म्हटलं, तिला काय वाटेल? मॅडम म्हणाल्या, "वाईट वाटेल. पण हा घातपात निघाला आणि उद्या कुणी कोर्टात म्हणालं, की प्रयोगशाळेतली बाई त्या घरची, तिनंच हवं ते लिहवून घेतलं, तर खरं असलेलंसुद्धा खोटं ठरेल. तिला खरं मिळू दे. राग नंतर काढता येतो."

म्हणून मी फोन उचलले नाहीत. तुझे आवाजी निरोप यायचे, तेही मी उघडले नाहीत. उघडले असते तर उत्तर दिल्याशिवाय राहिले नसते. मला माझ्या भावाकडून, सम्राटकडून कळत होतं, की पोलिसांनी तुलाही बसवून विचारलं, नवऱ्याशी भांडण होतं का, कुणाशी वैर होतं का. त्या दिवशी मी कामावर एक साधं द्रावण दोनदा चुकवलं. सम्राट म्हणाला, आणखी एका घरातूनही रक्त घेतलं होतं, भोरच्या बाजूच्या कुणा आईचं, तिचाही मुलगा त्याच पावसाळ्यापासून बेपत्ता. म्हणजे नाव एका घरी जाणार होतं किंवा दुसऱ्या, किंवा कुठंच नाही. मला काय वाटावं, हेच मला ठरवता येत नव्हतं. दाजी नसावेत असं वाटायचं. मग वाटायचं, नसले तर आशू अजून किती वर्षं अशी अधांतरी राहणार? आणि त्या दुसऱ्या आईचं काय, तीही भाकरी जास्तच करत असेल. जेवणाच्या सुट्टीत आमच्या सहकारी त्या खोलीतून बाहेर यायच्या, माझ्याशी पावसावर, भाजीवर, पोरांच्या शाळेवर बोलायच्या. त्यांना निकाल माहीत होता, आणि तो त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. आम्ही कुणीच बोललो नाही. शिक्षण म्हणशील तर ते हेच.

अहवाल गेला, पोलिसांनी तुम्हाला वाचून दाखवला. सम्राट त्या दिवशी तुमच्याकडंच होता, टेम्पोतून लाकडं घेऊन आला होता. त्यानं मला सगळं सांगितलं. मावशींनी टाहो फोडला आणि तू भिंतीला टेकून उभी राहिलीस, नंदूचं डोकं पोटाशी धरून. दहनाला नदीकाठी सगळा गाव आला होता म्हणे. मी आले नाही, कारण पोलिसांचं प्रकरण बंद झालं नव्हतं. आता ते बंद झालंय. हाडांवर घावाची खूण नाही, पडल्याची आहे. अकस्मात मृत्यू, असं लिहिलंय. अहवालात एवढंच असतं: हे मानसिंग, बाळाबाईंचा मुलगा आणि राजनंदिनीचे वडील. ते कुठं निघाले होते, कुणाच्या ओढीनं निघाले होते, हे त्यात लिहीत नाहीत आणि लिहायचा मला अधिकारही नाही. पण त्या पावसाळ्यात वरंध घाट दरड कोसळून बंद होता, ते तुलाही आठवतं. गाडीरस्ता बंद असला की कोकणातून वर यायला जुन्या लोकांची पायवाट आहे, ती कर्णवडीवरून मढे घाटानं केळदला चढते आणि केळदहून वेल्ह्याला, आणि वेल्ह्याहून तुमच्या घरी. ते सापडले ते या वाटेखालच्या दरीत, पण घाटाच्या वरच्या टोकाशी, जिथं चढण संपत येते. एवढं पंचनाम्यातच आहे, मी वेगळं काही सांगत नाही. त्याचा अर्थ काय लावायचा ते तू लाव. हळदीकुंकवाच्या बायकांना काय सांगायचं तेही तू ठरव; माझं म्हणशील तर काहीच सांगू नकोस, त्यांनी नदीकाठी डोळे पुसलेत ते पुरे आहे.

तुझ्या नणंदेनं, स्नेहलनं, मला मेसेज केला होता, त्यालाही आज उत्तर देते, तिला वाचून दाखव. तिनं विचारलंय, की ताई, मी बारावी सायन्सला आहे, मला तुमच्यासारखं व्हायचं असेल तर काय करायला लागेल. सांग तिला, की रसायन आणि जीवशास्त्र घट्ट धर. बारावीनंतर थेट न्यायवैद्यक शास्त्राची पदवीही घेता येते आणि साधी बी.एस्सी. करून नंतर एम.एस्सी.लाही वळता येतं. माझ्या मते दुसरी वाट बरी, मधे मन बदललं तर हातात काहीतरी असतं. बारावीवरसुद्धा प्रयोगशाळा सहायकाच्या जागा निघतात, त्यातून आत शिरून पुढं शिकणारीही माणसं आहेत. संगणकाकडं ओढा असेल तर मोबाईल आणि कॅमेऱ्यांचं वेगळं काम आहे, त्याला आता फार मागणी आहे. मालिकांत दाखवतात तसं काही नसतं. दिवसचे दिवस एकाच नमुन्यावर जातात आणि शेवटी लिहावं लागतं, की सांगता येत नाही. आणि तिला एक गोष्ट माझ्याकडून मुद्दाम सांग. दादासाठी म्हणून या कामात येऊ नकोस. दादा सापडला. आता जो सापडलेला नाही, ज्याचं नावही तुला माहीत नाही, त्याच्यासाठी यावंसं वाटलं तर ये. मग प्रवेशपरीक्षेची पुस्तकं मी देते आणि सुट्टीत माझ्याकडं राहा. मावशी नको म्हणतील. मी येऊन बोलेन त्यांच्याशी. आणि आशू, तुझं तिसरं वर्ष राहिलंय, त्याबद्दलही मला बोलायचंय, पण आत्ता नाही, तुझी इच्छा होईल तेव्हा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते. काल मॅडम म्हणाल्या, "बोल आता तुझ्या मैत्रिणीशी." तेव्हा मी तुझे साठलेले निरोप एकेक करून ऐकले. मला वाटलं होतं, सगळ्यांत तू अहवालाचंच विचारलं असशील. एकातही नव्हतं. नंदूचा दात पडल्याचं होतं, आत्याबाई जेवत नाहीत हे होतं, आणि शेवटचा होता तो पोलिसांनी खोकं आणून दिलं त्या दिवसाचा. मागं मावशींचा आवाज येत होता आणि तू हळू बोलत होतीस, "दीपे, एवढंसं खोकं गं. मला एकच सांग. ह्यांना तितनं कुणी उचललं असंल? सावकाश उचललं असंल का गोणीत भरून वढत आणलं?" तिथंच निरोप संपला. आशू, मी उचललं. मार्चमध्ये चिमाजी नावाच्या केळदकडच्या म्हाताऱ्या धनगराची शेळी खाली अडकली, तिला काढायला उतरल्यावर त्यांना दिसलं, आणि आमची व्हॅन गेली तेव्हा तिच्यावर मीच होते. कोण आहेत हे मला माहीत नव्हतं; तुझा फोन आला तेव्हा जिन्यात बसून कळलं, आणि मॅडमना मी पहिल्यांदा तेच सांगितलं. दोर धरून आम्ही उतरलो. करवंदीच्या जाळीखाली होते, सावलीत, वरून पानं पडलेली. मी गुडघे टेकून बसले आणि ब्रशनं माती बाजूला करत एकेक करून दोन्ही हातांनी उचललं, पांढऱ्या कागदात वेगवेगळं गुंडाळून पेटीत ठेवलं, बारीकातलं बारीकसुद्धा मागं राहू दिलं नाही. हवालदार वरून ओरडत होते, "मॅडम, उन्हं कलली, उरका." मी उरकलं नाही. ओढलं नाही, गोणी तर नव्हतीच. पेटी मी कुणाच्या हातात दिली नाही, चढणीवर चिमाजींनी मला मागून आधार दिला आणि वर आल्यावर त्यांनी पेटीला हात जोडले. गाडीत ती माझ्या मांडीवर होती. मार्गासनीच्या फाट्यावर ड्रायव्हर चहाला थांबला, जिथून रस्ता तुमच्या गुंजवण्याकडं वळतो तिथंच. सगळे उतरले. मला म्हणाले, या मॅडम. मी उतरले नाही. आमच्यात पेटीला एकटं ठेवत नाहीत. दार उघडं होतं, समोर तुझ्या घराकडं जाणारा रस्ता होता, आणि मी दोन्ही हात पेटीवर ठेवून दाजींजवळ बसून होते.

तुझीच,
दीपी